अकरा नंबरचा रकाना

डब्यूक, आयोवा. बाहेर मिसिसिपी गोठलेली,
जिममध्ये रबराचा, घामाचा, कालच्या पॉपकॉर्नचा वास.
मी खेळत नाही. मी लिहिते.
बाकाच्या टोकाला, बाटल्यांच्या शेजारी,
मांडीवर वही, कानामागे पेन्सिल:
कोणी किती टाकले, कोणी किती घालवले.
इचलकरंजीत बाबांच्या सुताच्या दुकानात
खतावणी शिकले होते,
तीच इथे फीला उपयोगी पडली.

कोच रॅडमाकर आवाज चढवत नाही.
टर्नओव्हर झाला की एवढंच विचारते, "कोणाचा?"
आणि मग इतका वेळ थांबते
की छताचा हीटर ऐकू यायला लागतो.
"स्क्रीन उशिरा आला, कोच" चालत नाही.
"मला वाटलं ती आत वळेल" चालत नाही.
"माझा" चालतं.
हा एक शब्द शिकायला चार वर्षं लागतात, म्हणते,
डिग्री त्याचीच.

शुक्रवारी दोन गुणांनी हरलो.
शेवटच्या मिनिटात चेंडू रेषेबाहेर गेला
आणि मी अकराच्या रकान्यात रेघ मारली.
अकरा म्हणजे टॅलिया प्रुइट.

शनिवारी सकाळी सहाला कोचने वही मागितली,
माझ्या अक्षरातला आकडा मोठ्याने वाचला.
"अकरा नंबर. सात."
"शेवटचा माझा नव्हता," टॅलिया म्हणाली.
"वहीत आहे."
वहीत होता.
टॅलियाने नाडी पुन्हा बांधली आणि पळाली:
फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत आणि परत,
मध्यापर्यंत आणि परत,
पलीकडच्या फ्री थ्रोपर्यंत, पार टोकापर्यंत, आणि परत.
ही एक फेरी.
अशा सात.
होलब, चोवीस नंबर, भिंतीकडे बघत
बाटलीचं बूच उघडत होती, लावत होती.

रात्री खोलीवर व्हिडिओ लावला. तीनदा.
पास अगदी बरोबर होता, छातीच्या उंचीवर,
होलबच्या दोन्ही हातांत पोचलेला,
तिथून निसटलेला.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
आणि दोर वळणारी मी.

खोडरबर होता. कोणाला कळलंही नसतं.
पण ती सातवी फेरी
कुठल्या रबराने खोडायची?

सोमवारी म्हणाले, "कोच, ती रेघ चुकली. माझी चूक."
तिने वही पाहिली, मला पाहिलं,
माझे बर्फातले बूट पाहिले.
वाटलं, म्हणेल, असू दे, सांगितलंस हे बरं केलंस.
म्हणाली, "पायाचं माप काय तुझ्या?"

कपाटातले कुणाचे तरी जुने शूज, एक नंबर मोठे.
शाळेत पीटीच्या तासाला
नेमकं माझं पोट दुखायचं.
एक रेघ, एक फेरी.
मध्यावरून परतताना छातीत सुई टोचायला लागली,
तेव्हा शेजारी पावलं ऐकू आली.
होलब.
तिला कोणी बोलावलं नव्हतं.
समोर बघत, मुद्दाम हळू, माझ्या चालीने.
"माझा," म्हणाली.
मला की भिंतीला, कोण जाणे.
कोच शिडीवर होती,
बास्केटच्या जाळीचं सुटलेलं टोक अडकवत.

वही टॅलियाकडे होती.
तिने अकरातली एक रेघ खोडली, चोवीसमध्ये मारली,
आणि पेन्सिल तशीच धरून पान बघत राहिली.
"बाकीचे सहा माझेच," म्हणाली.
"त्यातला तिसरा तर फारच वाईट."

मला अजून वाटतं,
शनिवारी कोचने आधी व्हिडिओ बघायला हवा होता.
हे मी तिला बोलले नाही.
तोही एक टर्नओव्हर.
कोणाच्या रकान्यात घालायचा,
पेन्सिल अजून कानामागेच आहे.